अमरावती–दर्यापूर–अकोट: लादलेली सायकल, एक मुक्काम तंबूत (पाणी, काटे, वारा, जागा)

सरळवाट
मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अमरावतीहून वलगाव, खोलापूर, दर्यापूर करत अकोट असा बेत आहे. दोघे जण, दोन सायकली, सामान पॅनिअरमध्ये (कॅरिअरला लटकणाऱ्या पिशव्यांत), रात्री तंबू. दोन्ही सायकलींना ७०० बाय ३८ चे टायर, मागे ८ गिअरची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या), डिस्क ब्रेक, कॅरिअर फक्त मागे. रस्ता सपाट आहे हे नकाशावरून कळतं, त्यापलीकडचं हवं आहे.
१) हे एका दिवसात ओढावं की मध्ये थांबावं?
२) पाणी किती न्यावं, कुठे भरावं?
३) तंबू कुठे लावावा, कोणाला विचारावं?
४) सुटे भाग कोणते? वाटेतल्या दुकानांत काय मिळतं?

पूर्णाकाठ
अंतरापासून सुरू करू. अमरावती ते दर्यापूर पन्नासच्या आसपास, दर्यापूर ते अकोट आणखी चाळीस. नव्वद किलोमीटर रिकाम्या सायकलीला काहीच नाही. पण १५–१८ किलो सामान असलं की सपाटीवरही सरासरी ताशी १४–१५ च्या वर धरू नका. म्हणजे नुसतं पेडल मारणं सहा-साडेसहा तास. त्यात चहा, जेवण, पाणी भरणं आणि दोघांत मिळून एक-दोन पंक्चर असे अडीच तास मिळवा. डिसेंबरअखेर इकडे सातच्या सुमारास उजाडतं आणि सहाच्या आत सूर्य मावळतो. अकोट गाठता येईल, पण सामान बांधून निघायला साडेआठ-नऊ वाजले तर गाठेपर्यंत अंधार होईल आणि मग जागा शोधणं, परवानगी घेणं, तंबू लावणं हे सगळं बॅटरीच्या उजेडात. म्हणून दर्यापूर ओलांडून २०–२५ किलोमीटरवर साडेचार वाजता थांबा. उरलेले पंधरा-वीस दुसऱ्या दिवशी सकाळी तासा-सव्वा तासात होतात.

आता पाणी. इथे दिवस किलोमीटरवर आखू नका, पाण्यावर आखा. पूर्णेचं खोरं हा खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा. विहिरीचं आणि हापशाचं पाणी दिसायला स्वच्छ, पण खारं. ते उकळून गोडं होत नाही, क्लोरीनच्या गोळीनं होत नाही, आणि ट्रेकला नेतात त्या गाळणीनंही होत नाही. उकळणं आणि गोळी यांनी जंतू मरतात, गाळणीनं गाळ आणि जंतू अडतात, विरघळलेलं मीठ मात्र तिन्हीतून तसंच राहतं. त्याला आरओच लागतो. घाम गाळत असताना खारं पाणी प्यायलं तर तहान भागत नाही आणि पोट बिघडतं ते वेगळं.

मग प्यायचं काय? दोन ठिकाणं. एक, गावातला नळ, जिथे दूरच्या धरणाचं पाणी प्रादेशिक योजनेतून येतं. अकोट-तेल्हाऱ्याकडच्या कित्येक गावांना वान धरणाचं पाणी असंच मिळतं. हे नळ रोज येतीलच असं नाही, त्यामुळे लोकांनी साठवलेलं पाणी मागावं लागतं. ते मागताना बाटली भरून मागा, कॅन भरून नको. दुसरं, आरओचं पाणी विकणारं केंद्र. मोठ्या गावात ते असतंच. २० लिटरचा जार भरतात तिथे तुमच्या बाटल्याही भरून देतात. सुटी नाणी जवळ ठेवा, काही ठिकाणी मशीन नाण्यावरच चालतं.

प्रमाण असं: माणशी सायकलवर कायम ३ लिटर जागा. निघताना भरा, खोलापूरला भरा, दर्यापूरला पूर्ण भरा. दिवसभरात माणशी ४ ते ५ लिटर पोटात जातं, थंडी असली तरी. मुक्कामाच्या जागी पोचताना माणशी ४ लिटर हातात हवं: स्वयंपाक, पिणं, दात घासणं, सकाळचा चहा आणि निघतानाची पहिली बाटली धरून. त्यासाठी घडी होणारी ५ लिटरची पिशवी न्या. रिकामी असताना वजन नाही, आणि शेवटच्या गावात भरून फक्त दोन-तीन किलोमीटर वाहायची. हात-तोंड धुवायला, भांडी विसळायला हापशाचं पाणी चालतं.

आरेतार
सायकलीचं मी लिहितो. या रस्त्यावर सायकल थांबवणाऱ्या गोष्टी तीन: काटा, मागच्या चाकाचा स्पोक आणि कॅरिअरचा बोल्ट. गिअर-बिअर नंतर.

काटे दोन जातींचे. बाभळीचा लांब आणि सरळ, तो टायरच्या जाळीतून आरपार जातो. सराटा छोटा, पण कसाही पडला तरी एक टोक वर, आणि एका वेळी चार-पाच लागतात. बाभूळ तोडून कुंपणाला नेतात तेव्हा वाटेवर फांद्या गळतात, म्हणून शेताच्या फाट्याजवळ डांबराच्या अगदी कडेनं जाऊ नका. विसावा घेताना सायकल साइडपट्टीच्या गवतात ढकलू नका, सराटे तिथेच असतात. डांबरावरच उभी करा किंवा उचलून न्या.

उपाय: आतून संरक्षक थर असलेला टायर, आणि त्याच्या आत, ट्यूबच्या बाहेर, लायनरची (काटा अडवणारी) पट्टी. लायनरची दोन टोकं जिथे एकावर एक येतात तिथली कड ट्यूबला घासून दोन-चारशे किलोमीटरांत भोक पाडते. ती टोकं गोल कापा आणि त्यावर कापडी टेप लावा. हे न केल्यानं लोक लायनरला दोष देतात.

हवा: ७०० बाय ३८ ला, माणूस ७० किलो आणि मागे १५ किलो धरून, मागे ५५–६० पीएसआय, पुढे ४५–५०. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. मागे हवा कमी ठेवली तर खड्ड्यात रिम ट्यूबला चावतो आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली की काटा शोधत बसू नका, हवा वाढवा.

पंक्चर काढताना घाई इथे होते: ट्यूब बदलली, टायर चढवला, आणि काटा टायरमध्येच राहिला. टायरच्या आतून कापूस किंवा जुना मोजा फिरवा, धागा अडकेल तिथे काटा. बोट फिरवू नका. टोक आतल्या बाजूनं दिसत नसेल तर टायर तिथे उलटा वाकवा, मग चिमट्यानं ओढा. वाटेत फक्त ट्यूब बदला, ठिगळ मुक्कामावर लावा. ट्यूब खरखरीत करून सोल्यूशन पातळ लावा, पाच मिनिटं पूर्ण वाळू द्या, चमक गेली की ठिगळ दाबा. ओल्या सोल्यूशनवर लावलेलं ठिगळ दुपारच्या उन्हात सुटतं.

वाऱ्याचा_माग
अमरावतीकडून अकोटकडे जायचं ठरवलंत ते योग्य. डिसेंबर-जानेवारीत इकडे वारा बहुतेक ईशान्येकडून किंवा पूर्वेकडून, म्हणजे तो पाठीवर नाहीतर उजव्या खांद्यावर येतो. पहाटे जवळजवळ नसतो, दहा-अकरानंतर वाढतो, चारनंतर पुन्हा बसतो. उलट बाजूनं आलात तर दुपारचे चार तास तोंडावर. सपाटीवर चढ नसतो त्यामुळे उतारही नसतो, पेडल सोडून पाय मोकळे करायला जागाच मिळत नाही. दर ४० मिनिटांनी दोन मिनिटं उतरून चाला. हाताला मुंग्या, मांडीखाली घासणं, हे सपाट रस्त्याचे आजार आहेत, कारण तासन्‌तास बसण्याची ढब बदलत नाही.

फेब्रुवारीनंतर वारा पश्चिमेकडे वळायला लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा या पट्ट्यात सावलीशिवाय सायकल चालवण्याचा विचारच नको.

सरळवाट
भाऊ, छान माहिती. मग अमरावती–मूर्तिजापूर–अकोला हा राष्ट्रीय महामार्ग कसा? तो गुळगुळीत आहे म्हणतात.

वाऱ्याचा_माग
गुळगुळीत आहेच. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या याच टप्प्यात २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून विक्रम नोंदवला गेला. पण ट्रकची रांग दिवसरात्र, आणि कडेच्या पट्टीतून उलट दिशेनं येणाऱ्या दुचाक्या. तिथे सायकल चालवता येते, तंबूचा प्रवास होत नाही. दर्यापूरचा रस्ता अरुंद असला तरी दर सहा-आठ किलोमीटरला गाव आहे, आणि गाव म्हणजे पाणी, चहा, माणूस. समृद्धी महामार्गाचा विचार करू नका, सायकल आणि दुचाकीला तिथे बंदी आहे.

दर्यापूर रस्त्यावर लक्ष ठेवायच्या गोष्टी: जिथे काँक्रीट आहे तिथे दोन पट्ट्यांमधला लांबट सांधा, पातळ टायर त्यात शिरतो. ३८ ला चालतं, २५–२८ वाल्यांनी तो सांधा तिरका कापावा, समांतर नको. काँक्रीटची कड आणि साइडपट्टी यांत कुठे कुठे वीतभर उंचीचा फरक असतो. मागून ट्रॅक्टर आला म्हणून घाईनं खाली उतरलात तर चाक वळतं आणि माणूस रस्त्याच्या बाजूलाच पडतो. आरसा लावा, आधीच ठरवून उतरा.

कापसाचा हंगाम असेल. कापूस भरलेल्या गाड्यांचा फुगा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो, त्या ओलांडून जाताना चाकांवरून अंदाज घेऊ नका, फुग्यावरून घ्या. संध्याकाळी बंड्या आणि ट्रॉल्या शेतातून परततात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तुमचा मागचा लाल दिवा चारपासूनच चालू.

आरेतार
त्यात एक भर. रस्त्यावर तूर किंवा सोयाबीन मळायला पसरलेलं असतं. त्यावरून सायकल नेली की काड्या मागच्या डिरेलरच्या (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेच्या) छोट्या चाकांत गुंडाळतात, डिरेलर ओढला जाऊन हँगर (तो फ्रेमला धरणारा तुकडा) वाकतो, कधी स्पोकमध्येच जातो. उतरा आणि ढकलत न्या. ते शेतकऱ्याचं धान्यही आहे. सायकलीच्या मॉडेलचा सुटा हँगर सोबत हवाच, तो फक्त त्याच मॉडेलचा बसतो आणि तालुक्यालाही मिळणार नाही.

आता चौथा प्रश्न. गावातल्या सायकलच्या दुकानात काय मिळतं ते चाकाच्या मापावर आहे. जुन्या काळ्या सायकलीचा टायर २८ बाय दीड, त्याचं माप (रिमवर टायर बसतो तिथला व्यास, मिमीत) ६३५. तुमचा ७०० चा ६२२. आकडे जवळ दिसतात म्हणून कोणी चढवायचा प्रयत्न केला तर १३ मिलिमीटरचा फरक आहे, बसणार नाही. लेडीज सायकलीचा २६ बाय १ पूर्णांक ३/८ म्हणजे ५९०. मुलांच्या जाड टायरच्या सायकलीचा २६ म्हणजे ५५९. हे तिन्ही मिळतात, ६२२ सहसा नाही. म्हणून तुमच्यासाठी: माणशी २ ट्यूब, दोघांत मिळून घडीचा १ टायर. अगदीच अडलं तर २८ इंची ट्यूब ७०० च्या टायरमध्ये घालता येते, ट्यूब ताणते-आकसते. मात्र वॉल्व्हचं भोक पाहा. प्रेस्टाला (बारीक वॉल्व्हला) ६.५ मिमीचं भोक असतं, त्यात जाड वॉल्व्ह जात नाही. आणि प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर दोन न्या, म्हणजे पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरनं हवा भरता येते. कॉम्प्रेसर लावताना थोडी थोडी हवा घ्या, ट्रकचा दाब असतो त्याला.

स्पोक: सगळं वजन मागे असल्यानं मागच्या चाकाचा, बहुतेक कॅसेटच्या बाजूचा तुटतो. निघण्याआधी त्या बाजूचे स्पोक बोटानं वाजवून पाहा, सगळ्यांचा आवाज जवळपास सारखा हवा. एखादा मंद वाजला तर तो ढिला, आणि ढिला स्पोकच प्रत्येक फेऱ्यात वाकून वाकून डोक्याजवळ तुटतो. आपल्या मापाचे चार स्पोक निपलसह न्या, सीट ट्यूबमध्ये कापडात गुंडाळून राहतात. कॅसेटच्या बाजूचा तुटला आणि लॉकरिंग (कॅसेट धरून ठेवणारी कडी) काढायचं हत्यार नसेल तर: तुटलेला शेजारच्याला टेपनं बांधा, समोरच्या (कॅसेट नसलेल्या) बाजूचे लगतचे दोन अर्धा-अर्धा आटा ढिले करा, चाक फ्रेमला घासत नाही एवढं सरळ झालं की मागचं सामान शक्य तेवढं दुसऱ्या सायकलीवर टाका आणि दर्यापूर किंवा अकोटला पोचा. गावातला मिस्त्री चाकाचा आउट (वाकडेपणा) फार सुंदर काढतो, हात बसलेला असतो त्याचा. फक्त कॅसेटवर छिन्नी-हातोडा चालवू देऊ नका.

बोल्ट: कॅरिअरचे एम-५. निघण्याआधी काढून लॉकटाइट (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) लावून परत घट्ट. जास्तीचे चार, १६ मिमी लांबीचे. मोटारसायकल मेकॅनिककडे एम-६ सहज मिळतो, एम-५ शोधावा लागतो. झिपटाय दहा, इन्सुलेशन टेप पेडलच्या दांड्याला गुंडाळून. ८ स्पीडचे चेनजोड दोन, चेन तोडायचं हत्यार, ब्रेकपॅडची एक जोडी. तेल घट्ट नको. इथली धूळ बारीक आहे, घट्ट तेलावर बसून पॉलिश पेपरसारखी चेन खाते. पातळ तेल, प्रत्येक कडीवर एक थेंब, दहा मिनिटांनी वरचं सगळं पुसून टाका.

चाकोरी
लायनरऐवजी ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) का नाही सांगत? सराट्याला तेच भारी.

आरेतार
सराट्याला भारी, हे मान्य. वॉल्व्हचा गाभा निघत असेल तर ३८ च्या ट्यूबमध्ये १०० ते १२० मिलि पुरे. पण दोन अडचणी. आपल्या उन्हात ते काही महिन्यांत वाळतं आणि गोळा होतो. दुसरं, बाभळीच्या काट्यानं मोठं भोक पडलं की सीलंट बाहेर येतं आणि त्या ओल्या ट्यूबला ठिगळ चिकटत नाही, आधी स्पिरिटनं पुसावं लागतं. सीलंट घालायचं तर ताजं घाला आणि सुटी ट्यूब कोरडी ठेवा. लायनर आणि सीलंट दोन्ही असले तर उत्तम.

दहिवर
तंबूबद्दल मी. इथली काळी माती म्हणजे फुगणारी-आकसणारी चिकणमाती. डिसेंबरात ती वरून कठीण आणि खाली किंचित ओलसर असते. ॲल्युमिनिअमच्या बारीक खुंट्या वाकतात. २० सेंटिमीटरच्या पोलादी किंवा व्ही-आकाराच्या खुंट्या न्या. उन्हाळ्याकडे भेगा पडतात. भेगेत खुंटी धरत नाही, आणि भेगांत विंचू-सापाची वस्ती असते. तंबू शक्यतो स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा घ्या, म्हणजे सिमेंटच्या ओसरीवर खुंट्यांशिवाय लावता येतो. पुढे सांगतो ते का महत्त्वाचं आहे.

जागा, पसंतीच्या क्रमानं: जिल्हा परिषद शाळेची ओसरी किंवा मैदान. गावाबाहेरच्या देवळाचा सभामंडप. समाजमंदिर. रस्त्यालगतच्या शेतातलं खळं, मालक हजर असेल तर. शेवटी मुरमाचा उंचवटा. ओलित केलेल्या हरभरा-गव्हाच्या धुऱ्यावर (बांधावर), कॅनॉलच्या कडेला, नाल्याच्या पात्रात नको. पहाटे पारा ८–१० पर्यंत उतरतो आणि ओलिताजवळ दहिवर एवढं पडतं की तंबू आतून-बाहेरून सारखाच भिजतो. झोपण्याची पिशवी ५ अंशांच्या आरामाची, खाली फोमची चटई. तंबूच्या दोन्ही झडपा चार बोटं उघड्या ठेवा. थंडी वाजते म्हणून बंद केल्यात तर श्वासाची वाफ छताला लागून अंगावर गळते.

कुटाराच्या (भुशाच्या) ढिगाजवळ, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या झाडांच्या) गंजीजवळ, तुराट्यांजवळ स्टोव्ह पेटवू नका. निदान २० मीटर अंतर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. ठिणगीनं एका घराचा वर्षभराचा चारा जातो.

पूर्णाकाठ
विचारायचं कोणाला: आधी पोलीस पाटील किंवा सरपंच, मग शाळेचे मुख्याध्यापक. कोणीही भेटलं नाही तर पानठेल्यावर उभं राहून सरळ सांगा की आम्ही अमुक गावचे, अकोटला चाललो, रात्री शाळेत टेकायचं आहे. पाच मिनिटांत योग्य माणसाला फोन जातो. आधार कार्ड दाखवा, एक झेरॉक्स देऊन ठेवा. लपून तंबू लावू नका. कापसाच्या दिवसांत चोऱ्या होतात, शेतात अनोळखी बॅटरी दिसली की गाव काठ्या घेऊन येतं, आणि त्यात त्यांचं चूक नसतं.

शाळेत राहिलात तर सकाळी मुलं यायच्या आत ओसरी झाडून मोकळी करायची. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून शुक्रवारच्या मुक्कामाला साडेसहालाच निघा. गावाची गोदरी (उघड्यावर शौचाला जायची जागा) कोणत्या बाजूला आहे ते आधी विचारा, तिकडे तंबू नको. तुमच्यासाठी शाळेचं किंवा ग्रामपंचायतीचं संडास उघडून मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रात्री शेतातून चालू नका. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक वाचवायला कुंपणाला वीज सोडतात. बॅटरीवरचं झटका मशीन असेल तर जोराचा धक्का बसतो, जीव सहसा जात नाही. पण काही ठिकाणी बेकायदा थेट लाइनची तार टाकलेली असते, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, अंधारात दिसत नाही अशी. त्यानं माणसं मरतात, दरवर्षी बातम्या येतात. लघवीला जायचं तरी रस्ता आणि ओसरी सोडायची नाही. शेतीच्या फीडरला पाळीनं रात्रीची वीज असते, त्यामुळे रात्री दोनलाही शेतकरी ओलित करायला येतो आणि पंप सुरू होतो. शेत रिकामं आहे असं धरून चालू नका.

रानवाट
आम्ही दोघी मैत्रिणी हाच रस्ता करायच्या विचारात आहोत. वरचं सगळं आम्हालाही लागू, पण मुक्कामाचं वेगळं काही सांगता येईल का?

पूर्णाकाठ
ताई, शाळेच्या आवारात तंबू लावण्याआधी आशाताई किंवा अंगणवाडीताईला भेटा. गावातली सगळी घरं त्यांना माहीत असतात. बहुतेक वेळा तंबू एखाद्या घराच्या अंगणातच लावायला सांगतील, तेच घ्या. अंगणात पाणी, संडास, उजेड, सगळं आलं. बचत गटाच्या महिला जेवण करून देतात, त्याचे पैसे आग्रहानं द्या. वाटेत संडासासाठी दर्यापूरच्या आधी आणि नंतर पेट्रोलपंप गाठायचे, रिकामी वाटणारी पऱ्हाटी नको, त्यात वेचणाऱ्या बाया असतात आणि फवारणीही झालेली असते. ११२ वर पोलीस, १०८ वर रुग्णवाहिका.

दहिवर
फवारणीवरून: यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे मृत्यू झाले, ते सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबरातही तुरीवर आणि हरभऱ्यावर घाटेअळीसाठी फवारतात. शेतातल्या टाकीचं, ड्रमचं पाणी भांड्यालाही वापरू नका. धुऱ्यावर पडलेल्या बाटल्यांत स्पिरिट-तेल भरून घेऊ नका. शेंगा तोडून तशाच खाऊ नका, मालकाला विचारा, तोच सांगेल कधी फवारलंय.

साप: थंडीत कमी, पण मण्यार रात्री घरात-ओसरीत शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखतही नाही फारसं आणि खूण दिसत नाही. म्हणून ओसरीवरही उघड्यावर झोपायचं नाही, तंबू उभारून चेन पूर्ण लावायची. बूट आत. चावलं असं वाटलं तर कापणं, चोखणं, दोरी आवळणं काही नाही, हातपाय हलवू न देता दर्यापूर किंवा अकोटचं सरकारी रुग्णालय. प्रतिविष तिथेच.

चाकोरी
जेवणाचं कोणी बोललंच नाही.

वाऱ्याचा_माग
सकाळी निघताना पोहे किंवा आलुबोंडा खाऊन पोट जड करू नका, दोन केळी आणि चहा. पहिल्या २० किलोमीटरनंतर भरपूर नाश्ता. दुपारी दर्यापूरला भाकर, पिठलं, वांग्याची भाजी. तर्री आणि ठेचा बेतानं, दुपारच्या उन्हात छातीत जळजळ होते. खिशात फुटाणे, गूळ-शेंगदाणा, दर तासाला एक मूठ. साखर-मिठाचं पाणी: १ लिटर गोड्या पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. खाऱ्या पाण्यात हे करू नका, मीठ दुप्पट होतं.

रात्री स्वतः करायचं तर माणशी ८० ग्रॅम तांदूळ, ४० ग्रॅम मूगडाळ, हळद-मीठ-जिरं आधीच पुडीत. अर्धा तास भिजवलं की इंधन बरंच वाचतं. गॅसची छोटी डबी दर्यापुरात किंवा अकोटात मिळेल या भरवशावर राहू नका, आणि रेल्वेत ती नेता येत नाही. स्पिरिटचा स्टोव्ह नेत असाल तर स्पिरिटही रेल्वेत नाही, उतरल्या शहरात विकत घ्या. खरं सांगायचं तर एका रात्रीसाठी स्टोव्ह घरीच ठेवा. दोन किलो वजन आणि एक तास वाचतो, गावात जेवण मिळतं.

सरळवाट
भरपूर मिळालं. दोन शंका उरल्या. पाऊस आला तर? आणि परत यायचं कसं?

आरेतार
पाऊस: डिसेंबर ते फेब्रुवारीत अवकाळी येतो, कधी गारांसह. डांबरावर काही अडचण नाही. पण शाळेपासून रस्त्यापर्यंतचे शंभर मीटर काळ्या मातीचे असतील तर तेवढ्यात चाक जाम होतं. मडगार्ड आणि टायर यांत १५ मिमीपेक्षा कमी फट असेल तर दहा पावलांत. अशा वेळी चालवायचा हट्ट नको, डिरेलर तुटतो. पॅनिअर काढून दोन फेऱ्या करा, सायकल खांद्यावर घ्या. चिखल ओला असताना बोटानं काढू नका, पसरतो. बाभळीच्या काडीनं मोठे गोळे पाडा, उरलेलं वाळू द्या, मग ठोकून निघतं. सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशरनं हब आणि बॉटम ब्रॅकेटवर पाणी मारू देऊ नका, ग्रीस धुऊन जातं आणि आवाज आठवड्यानं सुरू होतो. ढग दिसले की मुक्कामाची जागा डांबराला लागूनच निवडा, हे सोपं.

पूर्णाकाठ
परतीला अकोटहून अकोला ४५ किलोमीटर, रस्ता सपाट. अकोट–अकोला ब्रॉडगेज होऊन २०२२ पासून गाडीही सुरू झाली आहे. अकोल्याहून मुंबई–नागपूर मार्गावर मोठ्या गाड्या आहेत. सायकल ब्रेक व्हॅनमध्ये लगेज म्हणून बुक करायची, गाडीच्या निदान दोन तास आधी पार्सल ऑफिसला. पेडल काढा, हँडल वळवून फ्रेमला बांधा, डिरेलरवर पुठ्ठा गुंडाळा, डिस्कच्या कॅलिपरमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा अडकवा. सायकलवर नाव, फोन, उतरायचं स्टेशन दोन ठिकाणी लिहा. पॅनिअर तुमच्याजवळ ठेवा, ब्रेक व्हॅनमध्ये नाही सोडायचे.

मध्येच सोडून द्यावं लागलं तर दर्यापूर-मूर्तिजापूर अंतर तीसच्या आत आहे, छोटा हत्ती भाड्यानं मिळतो, मूर्तिजापूर त्याच रेल्वेमार्गावर. आणि अकोटच्या उत्तरेला नरनाळा किल्ल्याकडे जायचा मोह झाला तर दिवसा जाऊन या, तंबू तिकडे नको. तो भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पात येतो, वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि अस्वलं आहेत.